उलट्या शिंगाचं बसकर

माझ्या औषधाच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. बिश्केकला ब्लॉगर लोकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं होतं, तिथलं. त्याच्याखाली मी माझ्या हाताने नियम लिहून चिकटवलेत. चेहरा धूसर करावा. नाव देऊ नये. गाडीचा नंबर झाकावा. लहान मुलांचे फोटो टाकू नयेत. खात्री झाल्याशिवाय काहीच टाकू नये. हा शेवटचा नियम शिबिरातला नाही, माझ्या पदरचा आहे, कारण एकदा मी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जिवंतपणी मारलं होतं. कुणीतरी कळवलं आणि मी टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दुकानात आले, टोपी काढली आणि म्हणाले, "बुरुल, मी वारलो म्हणे. डोकेदुखीची गोळी दे बाई, उजाडल्यापासून लोक रडायला येतायत."

गाव महिनाभर हसलं. पेजचे वाचणारे मात्र वाढले. 'कोक-साय आज' हे माझं पेज. गावात माणसं नऊ हजार आणि पेजला एक्केचाळीस हजार. बाकीचे म्हणजे कुठे कुठे कामाला गेलेले आमचेच लोक. हरवलेली मेंढी, नवी बेकरी, बर्फाने बंद झालेला घाट, सगळं त्यांना मी पोचवते. माझा नवरा मुकाश म्हणतो, "तुझ्या पोटात फक्त चहा राहतो, दुसरं काही राहत नाही." मी ते कौतुक समजायची.

मी नियम पाळणारी बाई आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळे नियम पाळूनच झालं.

मार्चच्या बारा तारखेला, सकाळी साडेदहाला, एका ट्रकवाल्याने मला फोटो पाठवला. घाटातल्या वळणाखाली दगडांत एक निळी टॅक्सी कुशीवर पडलेली, दार उघडं, आत चालक मान टाकून. मी चेहरा धूसर केला. नंबरावर काळी पट्टी ओढली. नाव दिलं नाही, मला माहीतही नव्हतं. खाली लिहिलं, 'घाटात अपघात, चालक जागीच ठार, गाड्या सावकाश न्या.' अकरा वाजता टाकलं. निळ्या टॅक्स्या गावात डझनभर आहेत. तरी खरं सांगायचं तर मनात एक शंका आली होती. ती मी ढकलून दिली, कारण मी पाच मिनिटं थांबले असते तर दुसऱ्या कुणीतरी आधी टाकलं असतं.

फोटोत चालकाच्या सीटवर नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, बसकर होतं. काळ्या नमद्यावर लाल नमद्याची मेंढ्याची शिंगं, चार कोपऱ्यांना चार. असली बसकरं आमच्याकडे घराघरांत असतात. पण ह्या चारांतलं एक शिंग उलटं वळलेलं होतं. दृष्ट लागू नये म्हणून एक शिंग मुद्दाम उलटं कापणारी बाई गावात एकच, तिसऱ्या गल्लीतल्या बुबुखान एजे. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, मलाही पोरं तेच म्हणतात. आणि बसकर झाकायचा नियम मला शिबिरात कुणी सांगितला नव्हता.

बुबुखान एजे त्या वेळी स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा एकुलता मुलगा कुबान त्याच घाटातून बिश्केकला टॅक्सी चालवायचा. त्याने आपला जुना फोन आईला दिला होता आणि माझं पेज कसं उघडायचं ते शिकवलं होतं, घाट चालू आहे की बंद हे आईला कळावं म्हणून. रोज अकराच्या सुमाराला त्या पेज उघडायच्या. माझ्यावर भरवसा ठेवून उघडायच्या.

आमच्याकडे मरणाची बातमी सांगत नाहीत, ऐकवतात. त्याला उगुझू म्हणतात. गावातली तीन-चार पिकली माणसं पहाटे दाराशी येतात, आत बसतात, चहा घेतात. त्यांच्यातला मऊ जिभेचा माणूस एक गोष्ट सुरू करतो. ती कुठूनतरी लांबून निघते आणि हळूहळू त्या घराच्या उंबऱ्यापाशी येते. तोवर दोन बायका दोन्ही बाजूंनी दंड धरून बसलेल्या असतात. मग नाव घेतात. नाव घेतल्यावर आई भिंतीकडे तोंड करते आणि गळा काढून गाते, गेलेल्याला हाका मारून मारून. म्हाताऱ्या बायका म्हणतात, तो आकांत कानावर पडला की मगच गेलेल्या माणसाला कळतं, आपण गेलो.

त्या दिवशी सादीर आबांना पोलिसांकडून खबर मिळाली होती. ऐकवायचं काम गावात तेच करतात, पासष्ट वर्षांचे होते तेव्हापासून करतायत, आता ऐंशीचे आहेत. दुसऱ्या पहाटेसाठी ते माणसं जमवत होते. तेवढ्यात शेजारीण धावत आली. सगळे भरदुपारी धापा टाकत पोचले तेव्हा बुबुखान एजे चुलीपाशी बसल्या होत्या. हाताला पीठ तसंच वाळलेलं आणि फोन पाण्याच्या बादलीत.

"उशीर केलात आबा," त्या म्हणाल्या. "बुरुलचं पेज आधी येऊन गेलं."

आबांनी तरीही गोष्टीला सुरुवात केली. एजेंनी हात वर केला. "कळलेलं पुन्हा ऐकवता येत नाही. जिने कळवलं, तिने येऊन ऐकवावं. तोवर मला कुणी काही सांगितलेलं नाही."

त्या बाईने जे धरलं ते सोडलं नाही. तीन दिवस अंगणात नमद्याचा तंबू उभा होता, बायका भिंतीकडे तोंड करून रडत होत्या आणि आईची जागा रिकामी होती. आई स्वयंपाकघरात कणकेचे बोरसोक तळत होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत होती, "कोण गेलं? कुणाचं आहे?" मयताच्या जेवणाला घोडा कापला, माती दिली, माणसं पांगली. एजेंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. अंगणाचं फाटक मात्र त्यांनी उघडं ठेवलं, ते रात्रंदिवस उघडंच. कुणी लावायला गेलं की म्हणायच्या, "राहू दे, घाटात बर्फ असेल. पोराला उशीर होतोय."

"जा तिच्याकडे," मुकाश मला म्हणाला.

"का जाऊ? चेहरा धूसर केला होता. नंबर झाकला होता."

"बुरुल, जा."

"नियमात कुठे चुकले ते दाखव, मग जाते."

गेले नाही. त्याऐवजी पेजवर माफी मागितली. काळी पाटी, त्यावर मेणबत्ती, खाली चार ओळी. तीन हजार लोकांनी बदाम टाकले, 'किती मोठं मन आहे तुमचं' असं लिहिलं. तिसरी गल्ली सोडून सगळ्या जगाची मी माफी मागितली. तो फोटोही काढून टाकला. पण तोवर वीसेक पेजवाल्यांनी तो उचलला होता, आणि प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात माझ्या पेजचा शिक्का तसाच होता. शिक्का मीच मारते, कुणी चोरू नये म्हणून.

माती दिल्यानंतर दोन दिवसांनी मी नव्या बेकरीची बातमी टाकली. टाकल्या टाकल्या ती बघणाऱ्यांत पहिलं नाव आलं कुबानचं. निळ्या टॅक्सीला टेकून हसणारा त्याचाच फोटो. मला वाटलं, आई बघत असेल. मग बादली आठवली. तो फोन पुन्हा चालू झाला नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी भाऊबंद असेल म्हणून मी लिहिलं, 'कोण आहेस रे? मेलेल्याच्या नावाने खेळ करतोस, लाज नाही वाटत?'

उत्तर दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला आलं. मी काढून टाकलेला फोटो, आणि त्याच्याखाली, 'एजे, ही कुणाची गाडी?'

मी ते खातं बंद केलं, म्हणजे त्याला माझं काही दिसू नये अशी सोय केली. संध्याकाळी हरवलेल्या वासराची बातमी टाकली. पहिलं नाव, कुबान.

कुबान दर गुरुवारी दुपारी दुकानात यायचा. बूट न झटकता आत यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "एजे, आईचे थेंब." बुबुखान एजेंना छातीत धडधडतं, त्याचे थेंब. मी दर गुरुवारी त्याच्यावर बूट झटकण्यावरून ओरडायची आणि तो दर गुरुवारी विसरायचा. गोड पोरगा होता. माझ्या मुलाच्या, इल्गिझच्याच, वर्गात होता, दोघांनी मिळून माझ्या दुकानाची काच फोडली होती.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी मी पाठमोरी, फळीवर खोकल्याच्या बाटल्या लावत होते. दाराची घंटी वाजली. "आले हं," म्हणून वळले तर कुणी नाही. दारापासून गल्ल्यापर्यंत बुटांचे ओले ठसे होते. येतानाचे होते, जातानाचे नव्हते. बर्फाचे खडे अजून विरघळत होते. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर बर्फ संपून आठवडा झाला होता. मी फडकं आणून पुसून काढलं. माझी मला गंमत वाटते, त्याही क्षणी मी मनात म्हणाले, मेल्याने आजही बूट झटकले नाहीत. मग फडकं हातात घेऊन मी जमिनीवरच बसले.

त्या रात्री नाही, पुढच्या सकाळी मेसेज आला. 'एजे, बसकर आईने केलेलं आहे. मग गाडी माझी का?'

मी पेजवर टाकणं बंद केलं. लोक विचारायला लागले, आजारी आहेस का म्हणून. चार दिवस काही टाकलं नाही, तर पाचव्या दिवशी, 'एजे, घाट चालू आहे का? घराची वाट सापडत नाही.'

मग मात्र सादीर आबांकडे गेले. आबा अंगणात उन्हाला बसून लगाम शिवत होते. मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, मलाच वाचायला लावलं.

"तुला विचारतोय," ते म्हणाले, "कारण पहिली तू बोललीस. उत्तर दे."

"काय उत्तर देऊ आबा? मेलास बाबा, असं लिहू?"

"त्याला नको देऊस. त्याच्या आईला दे. ती रडल्याशिवाय त्याला कसं कळणार?"

"तुमच्या वेळच्या गोष्टी वेगळ्या होत्या. आता लोकांना पाच मिनिटांत कळतं सगळं. आम्ही काय पहाट होईपर्यंत तोंड शिवून बसायचं?"

"का, तुमच्या लोकांत काही रीत नसते?"

"असते तर. भिंतीवर लिहून लावलीय मी."

"म्हणून दाखव."

मी पाठ म्हणून दाखवली. चेहरा, नाव, नंबर, मुलं, खात्री. आबांनी दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला.

"ह्यात 'आधी आईला' कुठे आहे?"

मला राग आला आणि मी तशीच उठून आले. आज वाटतं तेव्हाच तिसऱ्या गल्लीत वळायला हवं होतं. पण मला बुबुखान एजेंच्या डोळ्यांची भीती वाटत होती. कारण एवढंच होतं, बाकी सगळे माझे वकिली मुद्दे.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगताना मला माझीच लाज वाटते. माझा मुलगा इल्गिझ येकातेरिनबुर्गला बांधकामावर आहे. कुबान त्याचा जिवाभावाचा मित्र. परदेशी असलेल्या माणसाला फोनवर ऐकवायचं नाही, घरी आल्यावर जवळ बसवून ऐकवायचं, ही आमची रीत. इल्गिझ माझं पेज बघत नाही, म्हणतो, "आई, रोज कुणाची तरी मेंढी हरवते, मी किती रडू?" वर्गातल्या मुलांनीही रीत म्हणून तोंड मिटून ठेवलं होतं. मीही ठेवलं. महिनाभर फोनवर हसून बोलत राहिले. स्वतःच्या लेकरासाठी मला रीत बरोबर आठवली होती.

कुबान गेल्याच्या तेहेतिसाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी अडीचला इल्गिझचा फोन आला. त्याच्या मागे विमानतळाचा गोंगाट होता.

"आई, ठेकेदाराने सुट्टी दिली! आजच निघतोय. वाटेत विमान बदलून रात्री दोनला बिश्केकला उतरतो, सकाळी चहाला घरी."

"अरे, आधी सांगायचंस ना! मग बिश्केकहून कसा येणार?"

"कसा म्हणजे? कुबान येतोय घ्यायला. नेहमीसारखा."

मी गल्ल्याची कड धरली. "कोण येतोय?"

"कुबान गं. काल रात्री बोलणं झालं. म्हणाला, तू गाडीत असलास म्हणजे मला वाट सापडेल, मी हल्ली चुकतोय. झिंगलेला होता वाटतं. आणि हो, म्हणाला, तुझ्या आईने माझं काहीतरी अडकवून ठेवलंय, आलो की मागतो. काय घेतलंस त्याचं?"

"इल्गिझ, नीट ऐक. कुबान नाही. कुबान महिन्यापूर्वी घाटात गेला. त्या गाडीत बसू नकोस."

तो खो खो हसला. "मुख्याध्यापकांसारखाच का?"

"तुझ्या गळ्याची शपथ!"

"आई, काल बोललोय मी त्याच्याशी. तुझ्या पेजवर काय वाटेल ते येतं, म्हणून तर मी बघत नाही. चल, विमानाचं दार उघडलं, ठेवतो."

पुन्हा पुन्हा लावला, फोन रात्रीपर्यंत बंदच. आयुष्यभर मी एक्केचाळीस हजार लोकांना बातम्या दिल्या आणि ज्याला पटायला हवी होती त्या एकाला पटली नाही. दोष कुणाला देऊ?

मुकाशला सांगितलं. त्याने किल्ली उचलली. जीपमध्ये तेल भरलं आणि साडेतीनला बिश्केकच्या वाटेला लागला. मी धावत सादीर आबांकडे गेले.

"आबा, आत्ता चला. आत्ता ऐकवते."

"ऊन कललंय. कललेल्या उन्हात ऐकवत नाहीत."

"माझा पोरगा त्या गाडीत बसणार आहे आबा!"

"म्हणूनच रीत मोडायची नाही. एकदा मोडून बघितलीस ना?" मग माझं तोंड बघून ते जरा नरमले. "पहाटे ये. डोक्याला पांढरा रुमाल बांधून ये. आणि फोन घरी ठेव."

फोन घरी ठेवणं माझ्याने झालं नाही. पहाटे उठले तेव्हा त्यावर दोन निरोप होते. इल्गिझचा, दोन वाजून वीस मिनिटांचा, 'कुबान भेटला, निघालो.' आणि मुकाशचा, 'दोन तास विमानतळाच्या दारातच उभा आहे. सगळे उतरले, इल्गिझ माझ्यासमोरून गेला नाही. परत फिरतोय, रस्त्यात गाठतो.' बिश्केकहून घाटापर्यंत चार तास लागतात. म्हणजे ती गाडी उजाडता उजाडता वळणावर येणार होती.

आम्ही सहा जण गेलो. आबा, आणखी दोन म्हातारे, दंड धरायला दोन शेजारणी आणि मी. फाटक उघडंच होतं. बुबुखान एजेंनी जमिनीवर चादर अंथरून ठेवली होती, मध्ये नान आणि लोणी, आणि पेले मांडलेले. सात पेले, सहा आमचे आणि एक जास्तीचा, त्या स्वतः घेणार नव्हत्या. आम्ही येणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या. "चहा निवेल."

चहा झाला. शेजारणी सरकून त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या. सादीर आबांनी दाढीवरून हात फिरवला आणि गोष्ट सुरू केली. एका शिकाऱ्याचा गरुड होता, मनगटावर वाढवलेला, लांब लांब उडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्या गरुडाने किती डोंगर बघितले, कुठल्या नद्या ओलांडल्या, हे आबा सावकाश सांगत राहिले. बाहेर फाटकाशी कुत्रं उठून उभं राहिलं आणि रस्त्याकडे बघून शेपटी हलवायला लागलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. आबांचा गरुड घाटावर आला, वारा सुटला, आणि तिथे आबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. एवढ्या लोकांना सांगताना मला एक अंगठा पुरला होता. इथे समोर एक म्हातारी बाई होती, पिठाने फुटलेल्या बोटांची, आणि माझी जीभ लाकूड झाली होती. खिशात फोन थरथरला. मला बघायची गरज नव्हती.

"बुरुल," एजे म्हणाल्या, "तुला काही सांगायचं होतं का?"

"एजे, तो गरुड…" मला पुढे गोष्ट येईना. मी त्यांचे गुडघे धरले. "एजे, तुमचा कुबान. घाटातल्या वळणावर. बारा तारखेला सकाळी. मी तुमच्याकडे आधी यायला हवं होतं. मला शंका आली होती एजे, तरी मी थांबले नाही. मी तुमच्या आधी सगळ्यांना सांगितलं."

"काय सांगितलंस? नाव घेऊन सांग."

"कुबान गेला."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचे दंड शेजारणींच्या हातात नुसते लोंबले. मग त्या वळल्या, भिंतीकडे तोंड केलं, आणि तेहेतीस दिवस आत दाबून ठेवलेला तो आवाज बाहेर आला. आधी शब्द नव्हतेच. मग शब्द आले.

"माझ्या उंबऱ्याच्या घोड्या, खोगीर उतरलं कुणी रे! मी शिंग उलटं कापलं, तरी दृष्ट लागली रे! थकलास माझ्या राजा, ये, आता नीज रे!"

मी भिंतीला डोकं टेकून रडत होते, म्हातारे रडत होते. अंगणात कुत्रं खाली बसलं. फाटक करकरलं आणि सावकाश, जसं घरचं माणूस बाहेरून आल्यावर लावून घेतं तसं, लागलं. वारा नव्हता. सादीर आबांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, बाकीच्यांनीही फिरवले. एजेंच्या समोरचा सातवा पेला आम्ही कुणी उचलला नाही.

फोन बाहेर आल्यावर बघितला. इल्गिझचा निरोप होता, 'घाटात आहोत. कुबान सारखा गाडी थांबवून कान देतोय.' त्यानंतर काही नाही. मी रस्त्यातच खाली बसले. किती वेळ बसले माहीत नाही. मुकाशचा फोन आला तेव्हा ऊन गल्लीत उतरलं होतं.

"सापडला," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "वळणावर उभा होता, एकटा. ठीक आहे. घेऊन येतोय."

घाटात जीप बंद पडली होती, म्हणून दुपार टळून गेल्यावर ती दारात आली. इल्गिझ उतरला. चेहरा राखेसारखा झालेला. काखेत काहीतरी गुंडाळून धरलं होतं.

"आई, कुबानला काय झालंय?" हे त्याचं पहिलं वाक्य. "वळणावर गाडी थांबवली. मान वर केली, आपल्याला कुणी हाक मारली की करतो तशी. म्हणाला, 'इल्गिझ, उतर. आई बोलावतेय, मला सरळ घरी जायचंय.' मी म्हटलं, अरे मलाही तिकडेच जायचंय. तर म्हणाला, 'तू नाही.' आणि गेला. गाडीत फार गारठा होता, म्हणून त्याने हे मला गुडघ्यांवर घ्यायला दिलं होतं. ते माझ्याकडेच राहिलं. रागावलाय का तो माझ्यावर?"

त्याने ते उलगडलं. काळ्यावर लाल, चार शिंगं, एक उलटं. स्वच्छ, कोरडं, नवं असल्यासारखं. गाडीतलं बसकर पोलिसांनी परत दिलं होतं तेव्हा ते रक्त वाळून फळीसारखं कडक झालं होतं, आणि सादीर आबांनी ते माझ्या डोळ्यांसमोर जाळलं होतं.

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. खोटं कशाला बोलू, सवयच ती. तसाच मागे घेतला. बसकर रुमालात बांधलं आणि तिसऱ्या गल्लीत देऊन आले. एजेंनी ते उलट्या शिंगाच्या बाजूने छातीशी धरलं.

घरी इल्गिझ विचारत राहिला. मुकाश म्हणाला, "सकाळी बोलू." इल्गिझ माझ्याकडे वळला, मीही तेच म्हणाले. ऊन कललेलं होतं. त्याने कुबानला फोन लावला, पुन्हा लावला. मग त्याने लावायचं सोडलं आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसला. अर्धं त्याला कळलं होतंच. पण कळणं आणि ऐकवणं ह्यांतला फरक आता मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहाटे दार वाजलं. सादीर आबा आणि दोन म्हातारे. इल्गिझ उठून बसला. त्या तिघांना बघून त्याचे ओठ पांढरे पडले, कारण आमच्या गावात पहाटे तीन म्हातारे कशाला येतात हे शेंबडं पोरही सांगेल. मी चहा ओतला. मुकाश त्याच्या उजवीकडे बसला, मी डावीकडे, आणि आम्ही त्याचे दंड धरले. आबांनी माझ्याकडेच बघून मान हलवली.

"एका आईने," मी म्हणाले, "आपल्या मुलासाठी नमद्याचं बसकर केलं. तीन शिंगं सरळ कापली…"

"आई," इल्गिझ म्हणाला, "नाव नको घेऊस."

मी त्याचा दंड आणखी घट्ट धरला आणि नाव घेतलं.